सहाशे अकरा सदस्य

आप्पासाहेबांच्या बंगल्याच्या पायरीवर अख्तरबी मणेर सव्वा तास बसून होती. आत जयराजला चहा, पोहे, पुन्हा चहा असं चाललं होतं. हा जयराज खडी क्रशरवाला. दहा दिवसांपूर्वीपर्यंत तो समोरच्या पक्षात होता आणि चौकात माईक धरून आप्पासाहेबांच्या सात पिढ्या उद्धरत होता. आता त्याच्या गळ्यात नवा पंचा पडला आणि सातही पिढ्या पवित्र झाल्या. अख्तरबी या पक्षात सव्वीस वर्षं होती. म्हणून ती पायरीवर.

पक्षाचं नाव इथं लिहीत नाही. वाचणाऱ्यानं मनात येईल ते घालावं. कुठलंही घातलं तरी मापात बसेल.

खडकाळे हे आटपाडीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं, सातारा जिल्ह्याच्या शिवेला पाठ लावून बसलेलं गाव. गाव म्हणायचं ते सवयीनं. नगरपंचायत होऊन एक निवडणूक उलटली होती, सतरा वॉर्ड होते, आणि यंदा नऊ नंबरचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला होता. मणेर गल्ली, बौद्ध वस्ती, माळ्यांची पन्नासेक घरं आणि नव्या प्लॉटातले मास्तर-कंडक्टर, एवढा तो वॉर्ड. या सगळ्या घरांत अख्तरबीची बांगड्यांची पेटी जायची. कुणाचं मनगट दोन-चारचं, कुणाचं दोन-सहाचं, कुणाचा हात बाळंतपणानंतर भरला, कोण नवऱ्याचा मार लपवायला कोपरापर्यंत बाही ओढून घेते, हे तिला पाठ होतं. पक्षाचं काम ती याच पेटीबरोबर करायची. सभेला बाया न्यायच्या, मतदानाला म्हाताऱ्या न्यायच्या, बूथवर दिवसभर उपाशी बसायचं. पक्षाचे झेंडे, फ्लेक्स, पत्रकांचे गठ्ठे तिच्याच मागच्या खोलीत पडलेले असायचे, कारण पक्षाच्या कार्यालयाला बारमाही कुलूप होतं आणि किल्ली आप्पासाहेबांच्या ड्रायव्हरच्या खिशात.

यंदा तिला तिकीट पाहिजे होतं. नवऱ्याच्या नावानं नाही, पोराच्या नावानं नाही, स्वतःसाठी. एवढं तोंडानं म्हणायला तिला सव्वीस वर्षं लागली. आप्पासाहेबांना नाही म्हणायला दीड मिनिट लागलं.

ते म्हणाले, तुमचं काम मोठं आहे, कुणी नाकारत नाही. पण वरचे लोक निवडून येण्याची क्षमता बघतात. तुमच्या समाजाची मतं वॉर्डात पंच्याण्णव. पंच्याण्णवात काय होतं, भाबी? जयराजच्या मिसेस पूजाताईंचं नाव पक्कं झालंय. शनिवारी साताऱ्याहून निरीक्षक येणार आहेत मुलाखती घ्यायला, ती एक रीत असते, तुम्ही पण देऊन टाका मुलाखत, बरं दिसतं.

पूजाताई सांगलीत विश्रामबागला राहायच्या. पोरं तिथल्या शाळेत. खडकाळ्याला त्या जत्रेला यायच्या आणि वॉर्ड नऊ कुठं सुरू होतो ते त्यांना ड्रायव्हर सांगायचा.

"नाराज होऊ नका," आप्पासाहेब म्हणाले. "तुम्हाला महिला आघाडीत घेऊ. उपाध्यक्ष करू."

"उपाध्यक्ष मी अकरा वर्सं हाय, आप्पासाहेब."

आप्पासाहेबांनी त्यांच्या चिटणिसाकडं, अमृतकडं पाहिलं. अमृतनं छताकडं पाहिलं. जयराज हसला आणि त्यानं पोह्यावर लिंबू पिळलं.

अख्तरबी घरी आली ती मागच्या खोलीतच शिरली. तिनं ठरवलं होतं, या पक्षाचं एक चिरगुट आज घरात ठेवायचं नाही. झेंडे गल्लीत फेकले. फ्लेक्स फेकले; आप्पासाहेबांचा हात जोडलेला फोटो गटारीच्या कडेला उताणा पडला आणि माळ्यांची शेळी त्याच्यावर उभी राहिली. आवाज ऐकून पलीकडच्या वस्तीतली पारूबाई आणि तिचा मुलगा कुणाल आले. पारूबाई पासष्टीची, अख्तरबीपेक्षा सात वर्षांनी मोठी, आणि तिच्याइतकीच जुनी कार्यकर्ती. कुणालचं बसस्टँडवर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. तो शिकलेला, डोक्यानं तापट.

कुणाल म्हणाला, "चाची, अपक्ष उभ्या राहा. पाच सूचक लागत्यात, आत्ता आणतो. आग लावा असल्या पक्षाला."

अख्तरबीनं हातातला झेंड्याचा बांबू खाली ठेवला. राग होता, पण बुद्धी जाग्यावर होती. ती म्हणाली, गेल्या खेपेला सात नंबरात अपक्ष निवडून आलेला, आठवतोय का? सकाळी गुलाल खेळला आणि संध्याकाळी आप्पासाहेबांच्या जीपमध्ये बसून सहलीला गेला. त्याला कुणी जाब विचारला? कुणाच्या दारात जाऊन विचारणार? तो कुणाचाच नव्हता.

"एकट्या माणसाला कुणीबी इकत घेतंय, कुणीबी दाबतंय. एका हातानं बांगडी भरता येती का रं? दुसरा हात लागतोयच. पक्ष म्हंजे त्यो दुसरा हात. आनि ह्यो पक्ष माझा हाय. आप्पासाहेबानं त्यो दाबून धरलाय म्हून मी सोडू व्हय?"

"मग धरा," कुणाल म्हणाला. "कसा धरताय तेवढं सांगा."

ते तिला सांगता येईना. म्हणून तिनं पुन्हा सामान फेकायला घेतलं. कोपऱ्यात बांगड्यांच्या खोक्यांखाली दाबलेला एक पुठ्ठ्याचा मोठा खोका होता. सांगलीच्या जिल्हा कार्यालयातून आलेला, आठ महिने न फोडलेला. तिनं तो उचलला आणि त्याचा तळ फाटला. शेकडो कार्डं फरशीवर सांडली. हाताएवढी, जाड कागदाची, गुळगुळीत. पक्षाचं चिन्ह, वर "प्राथमिक सदस्य", खाली नाव, वॉर्ड, नंबर.

पारूबाईनं एक उचलून कुणालपुढं धरलं. त्यानं वाचलं, "पारूबाई दगडू कांबळे." तिचं नाव असणं ठीकच होतं. पण दुसरं कार्ड कुणालचं निघालं, आणि कुणाल तर या पक्षाच्या नावानं रोज मोबाईलवर शिव्या घालायचा. तिसरं माळ्यांच्या ज्ञानूचं, जो समोरच्या पक्षाचा बूथप्रमुख. चौथं कंडक्टरच्या बायकोचं. आणि मग अख्तरबीच्या हातात याकूबचं आलं. याकूब मणेर, सदस्य क्रमांक दोनशे चौदा. तिचा नवरा. जन्मभर या पक्षाच्या विरोधात मत देत आला आणि सहा वर्षांपूर्वी वारला.

तिला हसू फुटलं, थांबेचना. "जित्ता असता तर ह्ये बगून मेला असता," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.

काय झालं होतं ते कुणालच्या लगेच ध्यानात आलं. गेल्या साली पक्षाची सदस्य नोंदणी मोहीम होती. सांगलीहून हुकूम आला होता, दर वॉर्डात पाचशे. आप्पासाहेबांना जिल्हाध्यक्ष व्हायचं होतं, त्यामुळं त्यांना पाचशे नको होते, जास्त पाहिजे होते. मग अमृतनं मतदारयादी समोर घेतली, पंखा लावला आणि चार दुपारी बसून, अर्ज भरून, सह्या ठोकून वॉर्ड नऊमधले सहाशे अकरा लोक एकट्यानं पक्षात आणले. मेलेले आणले, मुंबईला गेलेले आणले, वैरी आणले. गेल्या निवडणुकीत याच वॉर्डात पक्षाला मतं पडली होती दोनशे सात. पण वर कोण हिशेब जुळवतंय? जिल्ह्यातून राज्यात आकडा गेला, राज्यातून टीव्हीवर गेला, आप्पासाहेबांना शाल आणि जिल्हाध्यक्षपद मिळालं. कार्डं छापून आली आणि अडगळीत पडली, कारण ती वाटायची असतात हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

कुणाल कार्ड फाडून टाकणार होता. अख्तरबीनं त्याचा हात धरला. कार्डाच्या मागं बारीक अक्षरात काहीतरी होतं. तिनं ते वाचायला लावलं. सदस्याचे हक्क अशा मथळ्याखाली चार कलमं होती. तिसरं असं: स्थानिक निवडणुकीसाठी वॉर्डातील पक्षाचा उमेदवार प्राथमिक सदस्यांच्या सभेत बहुमताने निवडला जाईल.

कुणालनं ते तीनदा वाचलं. "चाची, हे त्यांनीच छापलंय."

"त्यांनी वाचलं न्हाई," पारूबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी अख्तरबीनं गल्लीतले झेंडे गोळा करून, झटकून, परत घरात आणून ठेवले. फ्लेक्स शेळीला राहू दिला.

शनिवारला पाच दिवस होते. पाचही दिवस पेटीत वर बांगड्या आणि खाली कार्डं. पहिल्यांदा तिनं मेलेल्यांची कार्डं बाजूला काढली, एकतीस निघाली. मग गाव सोडून गेलेल्यांची. कुणाल म्हणत होता कशाला काढता, आकडा मोठा दिसू दे. तिनं त्याला फाडकन सांगितलं की अमृतनं जे केलं तेच करायचं असेल तर अमृतच बरा, त्याचं अक्षर तरी चांगलं आहे.

उरलेली कार्डं घेऊन ती दारोदार गेली. प्रत्येकाला एकच सांगायची: तुला न विचारता ह्यांनी पक्षात घातलंय. नको असेल तर माझ्यासमोर फाडून टाक, मला राग नाही. पाहिजे असेल तर शनिवारी अकरा वाजता माळावरच्या मंगल कार्यालयात ये आणि स्वतःच्या तोंडानं सांग. कुणाला तिकीट द्यायचं ते मला सांगू नको. तिथं सांग.

ज्ञानूनं फाडलं. तो म्हणाला, "अख्तरभाबी, मी दुसऱ्या घरचा. पण तुमी जे करताय ते आमच्याकडंबी झालं पायजे." अजून ऐंशी-नव्वद जणांनी फाडलं. काहींनी शिव्या देऊन फाडलं, आणि त्या शिव्या तिनं निमूट ऐकून घेतल्या, कारण त्या रास्त होत्या.

बाकीचे विचारायचे, सदस्य होऊन मिळतं काय? रेशन? घरकुल? प्लॉटातली कंडक्टरची बायको अक्षता बांगड्या भरून घेता घेता हेच विचारत होती. अख्तरबीनं तिची बोटं दाबत म्हटलं, "आप्पासाहेबाला न्हाई म्हनायला मिळतंय."

अक्षताच्या घरापुढचा रस्ता तीन वर्षं उकरून पडला होता आणि ठेकेदार होता जयराज. बांगडी मनगटात गेली तेव्हा तिनं कार्ड ब्लाउजमध्ये ठेवलं.

पारूबाईनं वस्तीत बैठक घेतली ती चार वाक्यांची. मताचा हक्क मिळाला म्हणून आपण नाचलो. पण ताटात काय वाढायचं ते कायम दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात ठरलं. आपण फक्त खायचं का टाकायचं एवढंच. आता एकदा चुलीपाशी जाऊ.

आप्पासाहेबांना यातलं कळलं नाही का? कळलं. अमृतनं सांगितलं की अख्तरबी जुनी कार्डं वाटते आहे. आप्पासाहेब म्हणाले, वाटू दे, बाईचं मन रमतंय. आयुष्यभर माणसं ट्रॅक्टर लावून आणायची सवय असलेल्या माणसाला माणसं पायानं येतात हे खरंच वाटत नसतं. त्यांची चूक झाली ती तिथं.

शनिवारी निरीक्षक आले. वाईचे नानासो पिसाळ. सत्तरीचे, पांढरा सदरा, पायात साध्या चपला. शेजारच्या जिल्ह्याचा माणूस निरीक्षक नेमायचा ही पक्षाची पद्धत, म्हणजे तो निःपक्षपाती राहतो असं म्हणायचं. नानासोंच्या पिशवीत सतरा वॉर्डांचे एबी फॉर्म होते. जो फॉर्म जोडल्याशिवाय पक्षाचं चिन्ह मिळत नाही तोच हा कागद, जिल्हाध्यक्षांची सही झालेला, उमेदवाराची जागा कोरी. कुठल्या जागेत कुठलं नाव घालायचं याची चिठ्ठी आप्पासाहेबांनी त्यांना सकाळीच चहाबरोबर दिली होती. नानासो वाईट नव्हते. चाळीस वर्षं असल्या चिठ्ठ्या घेऊन मऊ पडलेले होते, एवढंच.

मंगल कार्यालयाच्या एका खोलीत, आप्पासाहेब आणि अमृत शेजारी बसलेले असताना, मुलाखती सुरू झाल्या. एकेक इच्छुक आत जात होता, दोन मिनिटांत बाहेर येत होता. अख्तरबीची पाळी आली. नानासोंनी फाइलवरून डोळे न उचलता ठरलेला प्रश्न विचारला, निवडून येण्याची क्षमता काय?

"बाहेर उभी हाय," अख्तरबी म्हणाली.

नानासोंनी मान वर केली. खिडकीतून मंगल कार्यालयाचं पटांगण दिसत होतं. अर्धं भरलं होतं आणि फाटकातून माणसं अजून येतच होती. बाया पुढं. मणेर गल्लीतल्या, वस्तीतल्या, प्लॉटातल्या. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी झेंडा आणला नव्हता. प्रत्येकाच्या हातात कार्ड होतं.

आप्पासाहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, हा विरोधकांचा डाव आहे, ही आपली माणसंच नाहीत, ह्यांना पैसे देऊन आणलंय.

अख्तरबीनं आपलं कार्ड टेबलावर ठेवलं, पाठ वर करून, आणि तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं. नानासोंनी चष्मा पुसून ते वाचलं. मग त्यांनी फाइल उघडली आणि पानं उलटत वॉर्ड नऊचा अहवाल काढला.

"आप्पासाहेब, इथं वॉर्ड नऊमध्ये सहाशे अकरा प्राथमिक सदस्य लिहिलेत. खाली तुमची सही आहे."

"व्हय, पण ते..."

"म्हणजे ही आपली माणसं आहेत की नाहीत? तुम्ही सांगाल ते मी लिहितो. नाहीत म्हणालात तर सहाशे अकरा बोगस, असं लिहावं लागेल. वर पाठवावं लागेल."

आप्पासाहेबांचं जिल्हाध्यक्षपद त्या सहाशे अकरावर उभं होतं. खोटी म्हणावीत तर खुर्ची जाते, खरी म्हणावीत तर तिकीट जातं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला दोन्हीकडून खरं बोलायची पाळी आली होती. त्यांनी अमृतकडं पाहिलं, अमृतनं सवयीनं छताकडं.

"आपलीच आहेत," आप्पासाहेब शेवटी म्हणाले. आवाज असा की जणू दाढ उपटतायत.

"मग सभा घ्या," अख्तरबी म्हणाली. "कलम तीन."

नानासो म्हणाले, आज वेळ कमी आहे, वरिष्ठांशी बोलतो, पुढच्या आठवड्यात बघू. फॉर्म भरायची मुदत मंगळवारी संपत होती, हे त्यांना माहीत होतं आणि तिलाही.

"नानासो," ती म्हणाली, "तुमी चाळीस वर्सं पक्षात हायसा. तुमाला तरी कुनी कवा इचारलं, उमेदवार कोन पायजे?"

नानासोंनी सदऱ्याच्या खिशातून सकाळची चिठ्ठी काढली, चार घड्या करून परत खिशात ठेवली, आणि उठून पटांगणात आले.

पुढच्या चार तासांसारखं काही खडकाळ्यानं पूर्वी पाहिलं नव्हतं. नानासोंनी एक टेबल लावलं आणि अमृतला त्याच्यामागं बसवलं, त्यानंच भरलेल्या अर्जांचा गठ्ठा त्याच्यापुढं ठेवून. माणूस यायचा, कार्ड आणि आधार दाखवायचा. नानासो विचारायचे, पक्षाचा सदस्य राहायचंय का, मनापासून? हो म्हटलं की समोर सही. पारूबाईचा अर्ज निघाला. त्यावर अमृतनं तिची झोकदार, लफ्फेदार सही ठोकलेली होती. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली. "लय भारी सही हाय माजी," ती म्हणाली. "मला म्हाईतच नव्हतं." आणि शेजारी अंगठा उठवला. मागं हशा पिकला. अमृतचे कान लाल झाले, पण तो लिहीत राहिला, आणि तासाभरात त्याचं अक्षर पार बिघडलं.

मग मतदानाचा प्रश्न आला. आप्पासाहेबांनी तोवर थोडा दम धरला होता. ते म्हणाले, हात वर करा, दोन मिनिटांत होईल. जयराजची चार पोरं मोबाईल धरून कोपऱ्यात उभी होती, शूटिंग करत. वॉर्डातली चाळीसेक घरं क्रशरवर कामाला. हात वर केला की सोमवारी काम बंद.

अक्षता पुढं झाली. ती शहाण्या घरची, आतापर्यंत बोलली नव्हती. म्हणाली, आमदारकीचं मत झाकून, खासदारकीचं मत झाकून, मग घरातलंच मत उघडं का? नानासोंना हे पटलं, किंवा आता ते अशा जागी आले होते जिथून मागं जाण्यापेक्षा पुढं जाणं सोपं होतं. नवरीची खोली मतदानासाठी रिकामी केली. मोबाईल फाटकावर ठेवायला लावले. आचाऱ्याच्या सामानातली तांदळाची रिकामी कोठी आणली, झाकणाला कुणालनं फट पाडली. कागद नानासोंच्या वहीतले, प्रत्येकावर त्यांची सही. लिहिता न येणाऱ्यांसाठी खूण ठरली: अख्तरबीला गोल, पूजाताईंना आडवी रेघ.

पूजाताई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. जयराज त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी तावातावानं सांगत होता, लोकांना हात जोड, बोल काहीतरी. त्या उठल्या. 

"मला परवा रात्री फोन आला, तेव्हा कळलं की मी इच्छुक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुम्हाला पटेल तसं करा." आणि बसल्या. बायांनी टाळ्या वाजवल्या, खऱ्याखुऱ्या. जयराज तोंड पाडून फाटकाकडं गेला.

तीनशे अठरा जणांनी मत दिलं. एका रांगेत, उन्हात, पाणी पीत, एकमेकींना पुढं ढकलत. म्हाताऱ्या दोनदा जाऊ बघत होत्या, त्यांना परत आणावं लागलं. नव्वद वर्षांचा एक बुवा खोलीतून बाहेर आला तो कागद हातातच घेऊन, सगळ्यांना दाखवत. त्याला नवा कागद दिला. ज्ञानू फाटकाबाहेर मोटरसायकलला टेकून सगळं बघत होता. त्याला आत यायचा हक्क नव्हता आणि तो आला नाही, पण घरीही गेला नाही.

कोठी टेबलावर पालथी केली. नानासो एकेक कागद उघडून वर धरत होते आणि मोठ्यानं सांगत होते. गोल. गोल. रेघ. गोल. पहिल्या शंभरातच आप्पासाहेबांनी गाडी काढायला सांगितली, पण निघता येईना, कारण फाटकात माणसंच माणसं. त्यांना शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

आठ बाद. पूजाताई एकोणसत्तर. अख्तरबी दोनशे एक्केचाळीस.

मणेर गल्लीतली एकूण मतं पंच्याण्णव, आणि त्यातल्या निम्म्यांनी कार्डंच फाडली होती. हा हिशेब आप्पासाहेबांनी मनातल्या मनात केला असेल. त्यांनी आयुष्यभर माणसं जातीच्या गठ्ठ्यात मोजली आणि आज गठ्ठ्यांच्या दोऱ्या सुटल्या होत्या. समोर नुसती माणसं होती, ती त्यांना मोजता येईनात.

नानासोंनी पिशवीतून वॉर्ड नऊचा फॉर्म काढला. पेनाचं टोपण उघडलं. कोऱ्या जागेत सावकाश लिहिलं: अख्तरबी याकूब मणेर. एकेक अक्षर सुटं, शाळेत काढतात तसं. मग तो कागद त्यांनी दोन्ही हातांनी तिला दिला.

"पक्षात आल्यासारखं वाटलं आज," ते हळूच म्हणाले. तिला ऐकू गेलं, बाकी कुणाला नाही, कारण पटांगणात तोवर जो कल्ला उठला होता तो आटपाडीच्या रस्त्यावरच्या एसटीनंसुद्धा थांबून ऐकला. कुणी हलगी आणली. प्लॉटातल्या मास्तरणी मणेर गल्लीतल्या पोरींच्या हाताला धरून फुगड्या घालत होत्या. अख्तरबीला कुणीतरी उचलायला बघत होतं, ती म्हणत होती, आवं ठेवा खाली, गुडघा दुखतोय. ती रडत होती आणि हसत होती आणि फॉर्म छातीशी धरून होती, चुरगळू नये म्हणून बाहेरून पदर लपेटून. सव्वीस वर्षं तिनं या पक्षासाठी दुसऱ्यांच्या नावानं घोषणा दिल्या होत्या. आज दोनशे एक्केचाळीस माणसांनी झाकल्या खोलीत, कुणी न सांगता, तिचं नाव घेतलं होतं. त्या क्षणी कुणी तिला विचारलं असतं की लोकशाही म्हणजे काय, तर तिनं तो कागद दाखवला असता.

आप्पासाहेबांची गाडी गेली. जयराज आधीच गेला होता. त्या संध्याकाळपर्यंत तो जुन्या पक्षात परत जाणार अशी बातमी गावात फिरली, आणि कुणालाही नवल वाटलं नाही.

अख्तरबी पायात चपला घालून निघाली. सूचक म्हणून पारूबाईचा अंगठा घ्यायचा होता, जातीच्या दाखल्याची भानगड नव्हती पण घरपट्टीची पावती शोधायची होती, सोमवारी सकाळी नगरपंचायतीत फॉर्म भरायचा होता. भूकही लागली होती.

"कुटं निगालीस?" पारूबाईनं विचारलं. ती नवरीच्या खोलीच्या पायरीवर बसली होती, मांडीवर कार्डांचा गठ्ठा. तिच्यापुढं अजून दोनशे-सव्वादोनशे माणसं जमिनीवर बसलेली होती. हलगी थांबली होती.

अख्तरबीनं फॉर्म दाखवला.

"त्यो सोमवारी. सभा संपली न्हाई आजून. वॉर्डाचा अध्यक्ष निवडायचा हाय, ह्यो कुणाल म्हनतोय ते पयलं कलम हाय. मग निवडून आल्यावर तू काय काय करायचं ते आमी ठरवनार. लिवून घेनार. आनि दर म्हैन्याच्या पयल्या शनवारी तू हितं येऊन सांगायचं, काय केलंस आनि काय न्हाई. न्हाई आलीस, तर म्होरल्या खेपेला रेघ मारू."

सगळे हसले, पण पारूबाई हसली नाही. अख्तरबीनं तिच्याकडं पाहिलं, मग बसलेल्या माणसांकडं. अक्षता वही उघडून तयार होती. पहिलं काम काय लिहिणार हे तिच्या तोंडावरच दिसत होतं: उकरलेला रस्ता.

"बस," पारूबाई म्हणाली.

अख्तरबीनं चपला काढल्या आणि पहिल्या रांगेत, इतरांसारखीच जमिनीवर, मांडी घालून बसली.